मागाच्या लाकडाची ओसरी

शालिकराम पौनीकर गुरुजी कोणाच्याही घरी गेले की आधी वर बघत. यजमान "या, बसा" म्हणतो आहे, आतून पाण्याचा गडवा येतो आहे, आणि गुरुजी आपले दाराच्या चौकटीवर बोटाचं पेर वाजवताहेत. टक, टक. मग खांबाजवळ जाऊन पुन्हा टक, टक. आवाज भरीव आला की बसत. पोकळ वाटला की पाण्याला हात न लावता अंगणात येऊन उभे राहत आणि यजमानालाही बाहेर बोलावून घेत. भाचीसाठी स्थळ बघायला गेले असताना त्यांनी हेच केलं आणि ती सोयरीक तिथल्या तिथं मोडली. विणकरांच्या तांडापेठेतली पोरं त्यांना 'टकटक मास्तर' म्हणत. मोठी माणसं पोरांना दटावत नसत, कारण हसू त्यांनाही येई.

ज्यांना कारण ठाऊक होतं ती पाच-सात माणसं मात्र हसत नसत.

गुरुजींचा जन्म कोष्ट्याच्या घरातला. घरात चार माग होते. बाप, आजा आणि दोन काका खड्ड्यात पाय सोडून बसत आणि दिवसभर घर खटखटत असे. शालिकनेही लहानपणी चार-पाच वर्षं धोटा फेकला. पण पोरगा डोक्यानं तेज निघाला, सातवी झाला, मास्तरकीचं ट्रेनिंग घेऊन आला आणि म्युनिसिपल कमिटीच्या शाळेत लागला. माग सुटला, मागावरचं वळण सुटलं नाही. कोष्ट्याच्या घरात तुटलेला धागा कोणी टाकत नाही. बोटभर तुकडा असला तरी गाठ मारून तो पुढे चालवायचा, आणि टाकणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा बसायचाच. असे धपाटे खाऊन वाढलेला माणूस एकोणसत्तर साली शाळेचा हेडमास्तर झाला, तेव्हा त्या शाळेत काय काय वाया जात होतं ते त्याच्या डोळ्यांना पहिल्याच दिवशी दिसलं.

शाळा ती केवढी! कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराच्या तीन खोल्या, पुढे अंगण, अंगणात एक कडुनिंब. पण गुरुजींनी तिच्यातून सोनं काढलं, असं लोक म्हणत. जुन्या वह्यांतली कोरी पानं सोडवून, दाभणानं शिवून, त्यांच्या नव्या वह्या होऊ लागल्या. फळ्याखाली सांडलेली खडूची पूड ओली करून तिचे पुन्हा खडू वळले जाऊ लागले. पोरांच्या बसायच्या फाटक्या तट्ट्यांच्या कडा उसवून त्यांतून पायपुसणी निघाली. पिऊन उरलेलं पाणी कडुनिंबाला. वर्षाच्या शेवटी शाळेतून बाहेर टाकायला टोपलीभर कचरासुद्धा निघत नसे. हे सगळं चांगलंच होतं, यात शंका नाही. ज्या गल्लीत पोराला पाटी घेऊन देताना बापाला दोनदा विचार करावा लागतो, तिथं ही काटकसर म्हणजे पुण्यच होतं.

आणि कांडी. मागावर आडवं सूत ज्या बोरूच्या पोकळ नळीवर गुंडाळतात तिला कांडी म्हणतात. पाटीवरची पेन्सिल झिजून नखाएवढी झाली की पोरं फेकून देत. गुरुजींनी घरोघरच्या जुन्या कांड्या गोळा केल्या, आणि पेन्सिलीचा तुकडा कांडीच्या तोंडात बसवून दिला. नखाएवढी पेन्सिल आता बोटभर लांब झाली, महिनाभर चालू लागली.

कांडी हरवू नये म्हणून गुरुजींनी एक शिस्त घालून दिली होती. शाळा सुटताना ते म्हणत, "उठा!" सगळ्या वर्गानं उठायचं, आपली कांडी उचलायची आणि उजवा हात वर धरायचा. गुरुजी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवत. मग म्हणत, "झालं." ते 'झालं' म्हणेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही, जागा सोडायची नाही. एकाची जरी कांडी सापडली नाही तरी सगळ्यांनी उभं राहायचं. एकदा पहिलीचा सबंध वर्ग एका कांडीसाठी पाऊण तास हात वर करून उभा होता. कांडी शेवटी तट्ट्याखाली सापडली. त्या दिवसापासून पोरांनी कांडी हरवली नाही, आणि गुरुजींना त्या पाऊण तासाचा मोठा अभिमान वाटे.

त्र्याहत्तर साली पोरं वाढली. पहिलीच्या वर्गाला बसायला जागा उरली नाही. वर अर्ज गेले, वरून 'पुढील वर्षी बघू' असं उत्तर आलं. खोल्यांच्या पुढे ओसरी काढावी, चार हात रुंदीची, असं गुरुजींच्या मनात आलं. माती होती, विटा मागून आणता आल्या असत्या, गावच्या कुंभारानं फुटके-धडके कवेलू द्यायचं कबूल केलं होतं. अडलं होतं लाकूड.

त्याच साली तांडापेठेत माग धडाधड बंद पडत होते. गिरणीच्या आणि यंत्रमागाच्या कापडापुढे हातमागाचं लुगडं कोण घेणार? घरं चालवायला माणसं मिळेल त्या कामाला लागली होती. मोडलेल्या मागांची लाकडं अंगणात, परसात रचून पडली होती, आणि ती तशीच पडून होती, कारण मागाचं लाकूड चुलीत घालत नाहीत. ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या भाकर दिली ते भाकरीखाली जाळायचं कसं? विकायलाही हात धजत नसे. अशा लाकडाचं काय करावं हे कोणालाच सुचत नव्हतं, आणि गुरुजी दारात जाऊन उभे राहिले.

लोकांनी डोळ्यांत पाणी आणून लाकडं दिली. ईश्वरदास निपाने म्हणून एक विणकर होता, चाळीस नंबरी सुताचं तलम काम करणारा. त्यानं आपल्या मागाची सगळ्यात जाड लाट, म्हणजे कापड गुंडाळायची लाकडी तुळई, स्वतःच्या खांद्यावरून शाळेत आणली. कडेवर वर्षाची मुलगी होती. लाट खाली ठेवली, तिच्यावर डोकं टेकवलं.

"गुरुजी, आता मी हिंगण्याले कंपनीत लागून राहिलो," तो म्हणाला. "हे घरात पाहावत नाही. इथी लेकराईच्या डोक्यावर राहीन तं बरं."

"मागाच्या लाकडाले कीड लागत नाही, ईश्वरदास," गुरुजी म्हणाले. "तुही जया शाळेत येईन ना, तं आपल्याच मागाखाली बसन."

ईश्वरदास हसला. कडेवरच्या जयानं लाटेवर हात मारून पाहिला.

अकरा मागांची लाकडं ओसरीला लागली. लाटा टोकाला टोक जोडून पुढच्या खांबांवर आडव्या टाकल्या, बाकीच्या दांड्यांचे वासे झाले, वर कवेलू चढले. ईश्वरदासची लाट ओसरीच्या बरोबर मध्यावर आली. ज्या दिवशी पहिलीचा वर्ग तिथं बसला त्या दिवशी गल्लीतल्या म्हाताऱ्या बाया नारळ घेऊन आल्या होत्या.

या ओसरीनं गुरुजींचं नाव केलं. वरच्या ऑफिसात गोपाळराव म्हणून एक साहेब आले होते, उत्साही, इस्त्रीच्या कपड्यातले. त्यांनी शाळा पाहिली आणि ते वेडेच झाले. "पौनीकर, तुम्ही राज्याला धडा घालून दिलात!" त्यांनी एक पुस्तिका काढली, तिच्या कव्हरावर ओसरीत बसलेल्या पहिलीच्या वर्गाचा फोटो घातला, आणि आसपासच्या शाळांना पत्रं गेली की असंच करा. उमरेडपासून पारशिवनीपर्यंत अकरा शाळांनी मोडक्या मागांची लाकडं गोळा करून ओसऱ्या काढल्या. गुरुजी स्वतः जाऊन दाखवून आले. बहुमान कोणाला नको असतो? गुरुजींना तर तो फार उशिरा मिळाला होता, त्यामुळे जरा जास्तच गोड लागला.

अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये, शाळा सकाळची झाली तेव्हाची गोष्ट. दुपारी गुरुजी घरी जेवायला बसले होते. समोर त्यांची माय, तुळजाबाई. पंचाहत्तरीची, डोळ्यांनी अधू, पण नाक शाबूत.

"शालिक, टोपीवर काय पडलं गा तुह्या?"

"खडूची पूड असन, माय."

म्हातारीनं हात लांबवून टोपी घेतली, बोटानं पुसलं, चिमटीत चोळलं आणि नाकाशी नेलं.

"खडू नोहे हे. भुंग्याचं पीठ आहे. लाकडातलं. आन खळीचा वास येऊन राहिला याले."

गुरुजी हसले. "माय, मागाच्या लाकडाले कधी कीड लागते का? बाबा नेहमी म्हणत, लागत नाही म्हणून."

"तुह्या बापाले काय मालूम?" म्हातारी फणकारली. "अमावस्येले माग बंद राहे. मानसं पत्ते कुटत बसत. आम्ही बाया गरम पान्यानं लाकडावरची खळ खरडून काढो, आन मंग करंजीचं तेल पाजो लाकडाले. दर अमावस्येले, बाप्पा! माह्यी सासू करे, तिची सासू करे. सुताले खळ लावतेत, थे पीठच ना? पीठ पिऊन पिऊन लाकूड गोड होते. तेल नाही पाजलं तं भुंगा येणारच." थोडं थांबून तिनं विचारलं, "तुम्ही शाळेच्या लाकडाले तेल पाजता ना गा?"

गुरुजींच्या हातातला घास ताटात परत गेला. चार माग चालणाऱ्या घरात ते वाढले होते, आणि लाकूड टिकतं कसं ते त्यांना ठाऊक नव्हतं. अमावस्येला पुरुष पत्ते खेळत असताना आत बाया काय करतात, हे बघायला कोणी गेलं नव्हतं. पाच वर्षं झाली होती. साठ अमावस्या कोरड्या गेल्या होत्या.

त्याच दुपारी, शाळेत कोणी नसताना, ते वह्या शिवायचं दाभण घेऊन ओसरीत गेले. तट्ट्यांवर जागोजाग पिवळसर पिठाच्या बारीक बारीक ढिगल्या होत्या. स्टुलावर चढून त्यांनी पहिल्या वाशाला दाभण लावलं. भाकरीत जावं तसं ते आत गेलं. दुसऱ्यातही गेलं. ईश्वरदासच्या लाटेला टोचलं तेव्हा दाभण नेढ्यापर्यंत आत शिरलं आणि भोकातून पीठ त्यांच्या मनगटावर सांडत राहिलं. वर चार-पाच हजार कवेलूंचं ओझं होतं.

गुरुजी स्टुलावरून उतरले आणि खाली बसले. आता काय करायचं हे अगदी स्पष्ट होतं. ओसरी उतरवायची, साहेबांना कळवायचं, अकरा शाळांना कळवायचं. पण टेबलावर साहेबांचं पत्र येऊन पडलं होतं. आठ दिवसांनी मुंबईचे दोन पाहुणे ओसरी बघायला येणार होते. त्यांना शाळा पसंत पडली तर दोन पक्क्या खोल्या मंजूर. सिमेंटच्या, स्लॅबच्या. आज ओसरी उतरवली तर पाहुणे काय बघणार, आणि खोल्या कशाच्या? पाच वर्षं उभी आहे, आठ दिवस उभी राहणार नाही का? पाहुणे गेले की दुसऱ्या दिवशी उतरवू, पक्क्या खोल्या येतातच आहेत. हिशेब असा सरळ होता, आणि माणसाला खड्ड्यात घालणारे हिशेब असेच सरळ असतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिलीचा वर्ग कडुनिंबाखाली बसवला. पहिलीला प्रेमिलाबाई होत्या, नोकरीला लागून दोनच वर्षं झालेल्या, कमी बोलणाऱ्या.

"काहून गुरुजी? ओसरीत काय झालं?"

"हवा चांगली आहे. लेकराईले मोकळं वाटन."

प्रेमिलाबाईंनी ओसरीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "गुरुजी, मी पंधरा दिवसांपासून सकाळ-सकाळ पाट्या झटकून राहिली. पीठ पडते वरून."

"पाव्हणे जाऊ द्या, बाई," गुरुजी म्हणाले. "मंग पाहू."

म्हणजे आता दोघांना ठाऊक होतं.

त्या आठ दिवसांत गुरुजींनी धड जेवण केलं नाही. वावटळ उठली की ते खोलीतून उठून अंगणात येत. छपरावर माकड उतरलं तर चपराशी धोंडबाला दगड घेऊन पिटाळत. एक जाडजूड बांबू आणून त्यांनी ईश्वरदासच्या लाटेला मधोमध टेकू दिला. टेकू टेकूसारखा दिसू नये म्हणून त्याला गेरू फासला, वर चुन्याचे ठिपके काढले, आंब्याच्या पानांचं तोरण गुंडाळलं. आलेगेले म्हणत, वा, गुरुजींनी काय सजावट केली! गुरुजींना ते ऐकवत नसे. रोज सकाळी ते बांबूच्या बुडाशी बघत. पहिल्या दिवशी बांबू हातानं हलत होता. पाचव्या दिवशी तो हलेना. वरचं ओझं त्याच्यावर येऊन बसलं होतं.

पाहुणे आले तो दिवस शनिवारचा होता. सकाळी आठला जीप आली. गोपाळराव साहेब, मुंबईचे दोघं, आणि एक फोटोग्राफर. पाहुण्यांनी शिवलेल्या वह्या पाहिल्या, वळलेले खडू पाहिले, माना डोलावल्या. मग साहेब अंगणात आले आणि थबकले.

"पौनीकर, पहिलीची मुलं झाडाखाली का?"

"कोवळं ऊन आहे साहेब. मोकळ्या हवेत..."

"अहो, ओसरी बघायला आलेत हे लोक. रिकामी ओसरी काय दाखवायची?" साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाले, "खोल्यांचा कागद माझ्या बॅगेत आहे. आजच सही होतेय. दहा मिनिटं मुलं आत बसवा, एक फोटो होऊ द्या."

सांगायची वेळ हीच होती. गुरुजींचं तोंड उघडलंही. पण समोर दोन पाहुणे कौतुकानं बघत होते, साहेबांचा हात त्यांच्या खांद्यावर होता, आणि आयुष्यभर गाठी मारत आलेल्या माणसाला हा एक धागा तोडवेना. दहा मिनिटं. आठ दिवस तर गेलेच होते.

प्रेमिलाबाई जवळ आल्या. "गुरुजी, बसवू?" त्यांनी विचारलं. त्यांनी नुसतं विचारलं नाही, त्या थांबून राहिल्या.

"बसवा," गुरुजी म्हणाले.

बेचाळीस पोरं रांगेनं आत जाऊन बसली. पहिल्या रांगेत, मधोमध, सहा वर्षांची जया निपाने होती, दोन वेण्या घट्ट बांधलेली. गुरुजी मधल्या खांबाला पाठ लावून उभे राहिले. पाहुण्यांना वाटलं, काय विनयशील माणूस, कसा बाजूला उभा आहे. गुरुजी खांबाचं ऐकत होते.

फोटोग्राफरनं डोळ्याला कॅमेरा लावला, पुन्हा काढला. "साहेब, हा बांबू मधे येऊन राहिला. चेहरे झाकतेत."

"काढा की," साहेब म्हणाले.

"राहू द्या साहेब," गुरुजी म्हणाले. "तो... चांगला दिसतो."

"अहो, सजावटीचाच ना? धोंडबा, काढ रे तो."

धोंडबानं बांबूला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि ओढला. बांबू निघेना. धोंडबाला नवल वाटलं. त्यानं पायानं बुडाला एक लाथ हाणली, दुसरी हाणली, आणि बांबू सटकन निघाला. गुरुजींच्या पाठीला खांबातून एक थरथर जाणवली, अगदी मागाच्या खटक्यासारखी, लहानपणी जशी जमिनीतून जाणवे तशी. जयाच्या पाटीवर वरून पिठाची एक धार सुरू झाली. जयानं वर पाहिलं.

"उठा!" गुरुजी ओरडले. "उठा! भायेर!"

पोरं उठली. आणि उठल्यावर त्यांनी तेच केलं जे त्यांना रोज शिकवलं होतं. वाकून कांडी उचलली, उजवा हात वर धरला, आणि गुरुजींच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. बेचाळीस पोरं, रांगारांगांनी, हात वर. कोणी जागचं हललं नाही. गुरुजींनी अजून 'झालं' म्हटलं नव्हतं.

"कांडी राहू द्या! पळा! पळा रे!"

हे शब्द त्या पोरांनी गुरुजींच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. क्षणभर त्यांना ते कळलेच नाहीत. प्रेमिलाबाई आत घुसल्या, हाताला लागेल त्याला धरून बाहेर लोटू लागल्या, धोंडबा धावला, एका पाहुण्यानं दोघांना बखोटीला धरून ओढलं. मग पोरं पळत सुटली. वर कर्रर आवाज झाला. शेवटची दोन पोरं गुरुजींच्या पायांतून बाहेर पडली आणि गुरुजींनी आत पाहिलं. जया अजून तिथंच होती. धक्काबुक्कीत कांडी पडून तिचा हात रिकामा झाला होता. ती खाली बसून तट्ट्याखाली चाचपत होती.

"जया!"

"सापडली, गुरुजी," ती म्हणाली, आणि ईश्वरदासची लाट मधोमध मोडली.

कवेलू पडायचे थांबले तेव्हा अंगणात पिवळ्या पिठाचा ढग होता. त्याला खळीचा वास येत होता. गुरुजींनी आणि धोंडबानं हातांनी कवेलू उपसले. लाट पोकळ होती म्हणूनच हलकी होती, आणि हलकी होती म्हणूनच पोर वाचली, असं नंतर डॉक्टर म्हणाला. जिवावरचं हातावर निभावलं. उजव्या हाताच्या पंजाचा मात्र चुरा झाला होता.

संध्याकाळी चौकशीचा कागद समोर आला. गोपाळराव साहेबांचा इस्त्रीचा शर्ट चुरगळला होता. ते म्हणाले, "सकाळी वारा सुटला होता, पौनीकर. वावटळ आली असं लिहा. तुमचंही निभेल, माझंही."

गुरुजींनी दौत पुढे ओढली. लिहिलं: 'लाकूड पोकळ असल्याचे मला आठ दिवसांपासून ठाऊक होते. मुले मी बसवली.' खाली सही केली. सकाळी यातलं पहिलं वाक्य तोंडानं म्हणता आलं असतं, त्याला काही मोल पडलं नसतं. खोल्यांचा कागद बॅगेतच राहिला. गुरुजींची हेडमास्तरकी गेली, दीड वर्षानं लांबच्या एका शाळेत साधे मास्तर म्हणून त्यांना परत घेतलं. मधल्या काळात ते सायकल आणि दाभण घेऊन अकराच्या अकरा शाळांना गेले, उमरेडला, पारशिवनीला, सगळीकडे. नऊ ओसऱ्या त्यांनी स्वतः उभं राहून उतरवून घेतल्या. दोन ठिकाणी बायांनी आपणहून लाकडाला तेल पाजलं होतं, त्या ठणठणीत होत्या. वर बघायची आणि टक टक करायची सवय लागली ती तेव्हापासून. लोकांना ती म्हातारपणीची लहर वाटली.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी, चौथ्या दिवशी, ते दवाखान्यात गेले.

वॉर्डाच्या दाराशी ईश्वरदास उभा होता. कंपनीचे निळे कपडे अंगावर तसेच होते. गुरुजींना वाटलं, हा आता कॉलर धरेल. धरली असती तर बरं झालं असतं.

"गुरुजी," ईश्वरदास म्हणाला, "लाकूड माह्यं होतं."

"लाकूड तुहं होतं," गुरुजी म्हणाले. "बसवली मी. मले मालूम होतं, ईश्वरदास. आठ दिवसांपासून मालूम होतं."

ईश्वरदास त्यांच्याकडे बघत राहिला. मग दारातून बाजूला झाला, बस. गुरुजींशी तो पुन्हा कधी बोलला नाही. समोरून येताना दिसला की तो रस्ता बदलत असे.

खाटेशी जयाची आई गोपिका बसली होती, तिनं तोंड भिंतीकडे केलं. जया जागी होती. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवला होता. गुरुजींना पाहताच तिचे डोळे मोठे झाले. ती घाबरली. धडपडत उठून बसली आणि डाव्या हातानं उशीखाली काहीतरी शोधू लागली.

"राहू दे वं, बेटा. झोप तू," गुरुजी म्हणाले.

पण तिला ते सापडलं होतं. तिनं डावा हात वर केला. मुठीत तीच कांडी होती, कवेलूंखालूनही न सुटलेली, टोकाला नखाएवढी पेन्सिल.

"हरवली नाही, गुरुजी," ती म्हणाली. "पाहा. हरवली नाही."

गुरुजींना एकच शब्द म्हणायचा होता, आणि तो म्हणवेना. ते खाटेशी उभे होते, तोंड उघडं, आणि जया त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिचा हात थकून थरथरायला लागला होता. तरी तिनं तो खाली घेतला नाही, कारण गुरुजी 'झालं' म्हणेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.